न वाहिलेला वारा

त्या मुलखात ज्यांना पंख नव्हते, त्यांचे नातेवाईक नेहमी पलीकडच्या काठावरच असत. मुलखाच्या मधोमध एक घळ होती, आणि ती इतकी खोल होती की खाली टाकलेला दगड तळाला पोचल्याचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. पूल बांधायचे फार पूर्वी ठरले होते म्हणतात. पण करकोच्यांनी वाहतूक हातात घेतली आणि पुलाची गरज उरली नाही, निदान करकोच्यांना तरी उरली नाही.

व्यवस्था सोपी होती. प्रवाशाने भाडे म्हणून करकोच्यांच्या तळ्यात खेकडे सोडायचे आणि कड्यावरच्या सपाट खडकावर येऊन उभे राहायचे. करकोचा चोचीत वेलीची झोळी धरून येई आणि त्याला पलीकडे नेई. वारा नसेल तर करकोचा येणारच, असे दोन्ही काठांवर सगळे धरून चालत. करकोच्यांनीच तसे सांगितले होते. खरे तर त्यांनी स्वतः काहीच सांगितले नव्हते, कारण करकोच्याला बोलता येत नाही, तो नुसती चोच वाजवतो. त्यांच्या वतीने बोलायला मैना नेमलेल्या होत्या. मैनांचा आवाज इतका गोड होता की त्या नाही म्हणाल्या तरी ऐकणारा थोडा वेळ खुशीतच असे.

या काठावर करवंदी नावाची एक सायाळ राहत होती. अंगावर काटे, म्हणून तिला भाडे दुप्पट पडे. तिची थोरली बहीण तोरणी लग्न होऊन पलीकडे गेली होती. आई लवकर गेल्यावर तोरणीनेच तिला वाढवले होते. कंद एकच मिळाला तर तो करवंदीला देऊन आपल्याला भूक नाही असे सांगणारी ती बहीण. एका कोरड्या ऋतूत पलीकडून निरोप आला की तोरणीचे काही खरे नाही, लगेच नीघ.

सायाळींमध्ये एक रीत होती. कुणी जायला टेकले की रक्ताच्या माणसाने येऊन आपल्या अंगावरचा एक काटा त्याच्या उशाशी ठेवायचा. ज्याचा काटा आला नाही त्याच्या नावाने बिळाच्या तोंडाशी एक दगड बसवत. त्यानंतर त्याने त्या घरी यायचे नसे, आणि त्या घराने त्याचे नाव काढायचे नसे.

करवंदीने खेकडे सोडले आणि पहाटेच खडकावर जाऊन उभी राहिली. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आले. सावरीच्या झाडावरचा कापूस सुटून सरळ खाली पडत होता, इतकी हवा निवांत होती. खाली तळ्याकाठी करकोचे एकेका पायावर उभे असलेले तिला दिसत होते. मैना मधूनमधून येऊन सांगत, "थोडा वेळ लागतोय, ताई." ऊन कलल्यावर एक मैना आली आणि म्हणाली, "आज वारा आहे. आज काही होणार नाही."

करवंदीने आजूबाजूला पाहिले. पान हलत नव्हते. खडकाच्या पायथ्याशी एक म्हातारी घोरपड पडून होती. तिने डोळे न उघडताच खुलासा केला. "काल भाड्याचे खेकडे जास्त आले होते. खाऊन खाऊन आज त्यांना उडवत नाहीये. त्याला वारा म्हणतात."

दुसऱ्या दिवशी करकोचा आला, झोळी आली आणि करवंदी पलीकडे पोचली. बिळाच्या तोंडाशी दगड बसवलेला होता. आत कुठेतरी एक पिल्लू रडत होते. तिने दगडावर नखे मारली तेव्हा आतून दाजींचा आवाज आला.

"ती शेवटपर्यंत दाराकडं बघत होती," दाजी म्हणाले. "काल वारा नव्हता. वारा नसला की करकोचा येतो. तू निघालीच नाहीस."

"मी खडकावर होते, दाजी. दिवसभर होते. ते आलेच नाहीत."

"मग त्यांच्याकडून तसं वदवून आण. त्यांनी म्हणू दे. दगड मी माझ्या हातानं काढीन."

करवंदी त्याच दिवशी परत फिरली. तिला खेकडे परत नको होते आणि दुसरेही काही नको होते. तिला एवढेच हवे होते की करकोच्यांच्या वतीने कुणीतरी म्हणावे: त्या दिवशी वारा नव्हता, सायाळ खडकावर उभी होती, आम्ही गेलो नाही. एवढे एक वाक्य. ते मिळायला असा किती वेळ लागणार, असे तिला वाटले, आणि तसे वाटले म्हणून कुणी तिला हसू नये. आपल्या बाजूने खरे असले की काम लवकर होते, ही समजूत त्या मुलखात सगळ्यांचीच एकदा असते.

मैनांचे झाड मोठे होते. खालच्या फांदीवरच्या मैनेने तिचे सगळे ऐकून घेतले, हळहळली आणि वरच्या फांदीकडे पाठवले. वरच्या फांदीवरच्या मैनेने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले, तीही हळहळली, आणि हे खालच्या फांदीचे काम आहे म्हणाली. करवंदीला झाडावर चढता येत नसल्यामुळे प्रत्येक वेळी बुंध्याशी उभे राहून ओरडून सांगावे लागे. आपल्या बहिणीचे मरण इतक्या वेळा ओरडून सांगितल्यावर तिलाच ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटू लागले. हे तिला फार लागले.

शेवटी एक मैना खाली उतरली. तिच्या चोचीत करकोच्याचे एक पांढरे पीस होते.

"ही तुमची भरपाई, ताई."

"याचं काय करू?"

"पुढच्या खेपेला दाखवायचं. अर्ध्या भाड्यात नेतात. गर्दी नसली तर."

"मला पीस नको. मला मी सांगितलं ते वाक्य..."

"आधी हे घ्या ना. घेतल्याशिवाय पुढची सुनावणी होत नाही."

पीस अंगावर डिंकाने चिकटवावे लागे, नाहीतर ते चालत नसे. ते बसायला जागा हवी म्हणून मैनेने करवंदीच्या पाठीवरचा एक काटा उपटला. "रीतच आहे," ती मायेने म्हणाली, आणि काटा घेऊन उडून गेली. काटे काय, परत येतात, असे करवंदीने स्वतःला समजावले. पण जिथे डिंक बसला तिथे काटा पुन्हा आला नाही.

मग ती वटवाघळाकडे गेली. पंखवाल्यांचे आणि बिनपंखवाल्यांचे तंटे सोडवायला वटवाघळाला बसवले होते, कारण ते दोघांतही मोडत होते. ते करकोच्यांच्याच झाडाला उलटे लटकलेले असे आणि पावसात एखादा करकोचा त्याच्यावर पंख धरी. पण यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. कुठेतरी तर लटकायलाच हवे.

"त्या दिवशी वारा नव्हता याला पुरावा काय?" वटवाघळाने विचारले.

करवंदीने सावरीचा कापूस जपून आणला होता. "हा असा सरळ खाली पडत होता," ती म्हणाली, आणि मागच्या पायांवर उभी राहून तिने तो सोडून दाखवला. वटवाघळाने उलट्या डोळ्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"हा तर वर चाललाय," ते म्हणाले. "वाऱ्याशिवाय कापूस कधी वर जातो का?"

मैनांनी माना डोलावल्या. करवंदीने पुन्हा कापूस सोडला, आणि पुन्हा एकदा. चौथ्यांदा सोडायला तिने तो उचललाही, पण हात तसाच राहिला. वटवाघळाने निकाल दिला की वारा होताच असे नाही, पण नव्हताच असेही म्हणवत नाही. तरी सायाळीला झालेला त्रास पाहता तिला आणखी एक पीस द्यावे. मैनेने आणखी एक काटा उपटला.

परतताना ती घोरपडीजवळ थांबली. घोरपडीच्या खवल्यांवरही पिसे होती, जुनी आणि पिवळी पडलेली.

"घरी जा, पोरी," घोरपड म्हणाली. "मीही आधी शब्दच मागत होते."

"मग काय झालं, आजी?"

"मग पाय दुखायला लागले."

करवंदी घरी गेली नाही. घर होते तेही आता तिला फक्त झोपायची जागा वाटे. ती रोज मैनांच्या झाडाखाली जाई. तिला उन्हात तिष्ठावे लागले त्याचे एक पीस मिळाले. भाडे घेऊन सेवा दिली नाही त्याचे एक मिळाले. उत्तर उशिरा दिले त्याचे वेगळे मिळाले, आणि ते उत्तर चुकीचे निघाले त्याचे आणखी वेगळे. तिने जे मागितले नव्हते ते सगळे तिच्या पदरात पडत गेले. मैना आता तिला लांबूनच ओळखत आणि काही विचारायच्या आधीच डिंक काढून ठेवत. प्रत्येक पिसाच्या वेळी पाठीवर एक बारीकशी कळ उठे. पुढे पुढे ती कळही उठेनाशी झाली.

किती पावसाळे गेले ते तिने मोजले नाही. घोरपड एका पावसाळ्यात मेली आणि तिच्या अंगावरची पिसे धुऊन पुन्हा वापरायला घेतली गेली. करवंदी आता मागणी करत नसे. सकाळी येऊन खडकाच्या कडेला बसायचे आणि ऊन कलले की जायचे, एवढेच उरले होते. आपण कशासाठी येतो हे तिला आठवत होते, पण ते वाक्य उच्चारायला लागणारा दम तिच्यात राहिला नव्हता.

एका दुपारी मैना डुलक्या घेत असताना पलीकडून एक झोळी उतरली. तिच्यातून एक तरुण सायाळ बाहेर आली. काटे ताजे आणि टोकदार होते, आणि कपाळ थेट तोरणीचे होते. तिने इकडेतिकडे पाहिले. खडकावर प्रवाशांची गर्दी होती, आणि कडेला पांढऱ्या पिसांनी मढलेले कुणीतरी एकटेच बसलेले होते. करकोच्यांच्या वतीने बोलणारा कुणी बडा पक्षी असावा असे समजून ती अदबीने त्याच्याकडे आली.

"साहेब, एक विचारायचं होतं. जुनी गोष्ट आहे, रागावू नका." ती भरभर बोलत होती, घरून ठरवून आल्यासारखी. "मी हिवरी. मी लहान असताना माझी आई गेली. त्या दिवशी माझी करवंदीमावशी या काठावरून निघायची होती, ती आली नाही. बाबा म्हणतात, वारा नव्हता, तिला यायचंच नव्हतं. आता बाबा थकलेत. आई मावशीबद्दल काय काय सांगायची ते मला अजून आठवतं, साहेब. अशी बहीण येणार नाही हे मला पटत नाही. आमच्या काठाला वारा नसेल, पण इकडे असेल की. होता ना? तुम्ही हो म्हणालात तर मी आजच जाऊन दगड काढते."

करवंदीने आपले नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. किती वर्षांत तिला कुणी नावाने हाक मारली नव्हती.

"मी," ती म्हणाली. "मीच तुझी मावशी."

हिवरी थोडी हसली. थकलेल्या म्हाताऱ्यांशी बोलताना हसतात तशी. "मावशीला काटे होते, साहेब."

करवंदीने अंगातला सगळा जोर एकवटला आणि सायाळी फुलवतात तशी पाठ फुलवली, एक तरी काटा उरला असेल म्हणून. पाठीवरची पिसे हलक्या सळसळीने उभी राहिली आणि दोन्ही बाजूंना पसरली. हिवरी चार पावले मागे सरली. साहेब उडायच्या बेतात आहेत असे तिला वाटले.

"एवढंच सांगून जा, साहेब," ती गयावया करत म्हणाली. "वारा होता का?"

करवंदीने पिसे मिटली. तिच्या डोळ्यांसमोर तो दिवस जसाच्या तसा होता, एकही पान न हललेला. समोर तोरणीची मुलगी उभी होती.

"होता," ती म्हणाली. आपला आवाज इतका गोड कसा झाला याचे तिलाच नवल वाटले. "फार वारा होता, बाळ."

हिवरीला रडू फुटले. तिने वाकून पिसांना नमस्कार केला. "मावशी कधी इकडे आली तर तिला सांगाल ना, साहेब? म्हणावं, कुणी रागावलेलं नाही. घरी ये."

करवंदीने मान हलवली. हिवरी डोळे पुसत झोळीकडे वळली. ती बाजूला झाली तशी तिच्यामागे उभी असलेली मुंगशी पिल्लांना सावरत एक पाऊल पुढे आली. मुंगशीच्या मागे ससा होता, सशाच्या मागे खार, आणि त्यांच्याही मागे खडकाच्या टोकापर्यंत तेच विचारायला आलेल्यांची रांग लागली होती. सगळ्यांनी माना वर करून पांढऱ्या पिसांकडे डोळे लावले होते.