मोड वितळवण्याची वेळ

एकदा एका वृद्ध ओताऱ्याने, ऐन कामाच्या दिवसांत, नव्या धातूच्या कोठाराला कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला खोचली.

ते पाहून त्याच्या शिष्याचे धाबे दणाणले. कांशाच्या घंटा घडवणारी गुरूची ओतशाळा लवकरच त्याच्या हवाली व्हायची होती. बंदरावरच्या एका व्यापाऱ्याने मोठी घंटा सांगितली होती, धुक्यात परतणाऱ्या होड्यांना किनारा कळावा म्हणून. शिष्याने ती दोनदा ओतली. दोन्ही वेळा घंटेच्या अंगभर छिद्रे पडली आणि आवाज बद्द आला. व्यापारी भला माणूस, पण त्याचाही धीर सुटला. "धातू हवा तेवढा पाठवतो. पण या खेपेला घंटा वाजली नाही, तर मी दुसरं गाव बघेन," असे तो बजावून गेला होता.

"गुरुजी, आता तर ताजा धातू हवा," शिष्य काकुळतीने म्हणाला. "आणि तुम्ही कुलूप लावता?"

"भट्टी आहे ना? मग अंगणातली मोड वितळव."

मोड म्हणजे ओतकामात वाया गेलेला माल: तडकलेल्या घंटा, अर्धवट भरलेले तुकडे, साच्याच्या तोंडाशी उरलेले देठ. पूर्वी ती रोजच्या रोज भट्टीत जाई. व्यापाऱ्याच्या गाड्या दाराशी लागू लागल्या, तशी "बघू सवडीने" म्हणत ती कोपऱ्यात पडू लागली. कोपरा भरला, मग अंगण भरले. सवड काही आली नाही.

इथे क्षणभर थांबतो, कारण ही ओतशाळा तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे. अमिनो आम्ले हा प्रथिनांचा कच्चा माल. तो मुबलक असला की पेशी नव्या बांधणीत गुंतते आणि स्वतःतली मोडतोड पचवण्याचे काम, म्हणजे स्वभक्षण, आवरते घेते. तो कमी पडला की तीच पेशी आपले जुने, बिघडलेले भाग विरघळवते आणि त्यातून पुन्हा अमिनो आम्ले मिळवते. किती शहाणी व्यवस्था! पण हे ऐकून उद्या ताट दूर सारू नका. गोष्ट अजून संपलेली नाही.

शिष्य कुरकुरत मोड वितळवू लागला. ढीग उतरला, तशा अंगणातल्या फरश्या दिसू लागल्या. उन्हाने चटके देणाऱ्या त्या फरश्यांवर तो थबकला. मातीचे साचे पूर्वी इथेच वाळत. मोडीने जागा अडवल्यापासून तो ते मागच्या सावलीच्या बोळात ठेवत होता. त्याने धावत जाऊन एक साचा फोडला. वरून खडखडीत आणि पोटात ओला! तापलेले कांसे त्या ओलीवर पडले की वाफ होई आणि तीच घंटेला छिद्रे पाडी.

"धातूचा दोष नव्हताच, गुरुजी!" त्याला एकदम मोकळे वाटले.

नवे साचे त्याने भर उन्हात वाळवले. ओतायच्या दिवशी मोड संपली, तरी मुशीतला धातूचा रस थोडा अपुराच होता. मग भरात येऊन त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तयार ठेवलेली चांगली घंटा उचलली आणि तिच्यावर हातोडा उगारला. म्हाताऱ्याने त्याचे मनगट धरले.

"बस्स! आता कुलूप काढायचं." त्याने किल्ली शिष्याच्या हातात ठेवली. "दाराशी माल सतत उभा राहिला की मोडीकडे कुणी बघत नाही आणि घर तुंबतं. माल फार दिवस अडवला की हात चांगल्या वस्तूवर पडतो आणि घर मोडतं. दोन्ही रोगच. कुलूप कधी लावायचं आणि कधी काढायचं, एवढं ज्याला कळलं त्याची शाळा चालते. देहाचंही असंच असावं."

घंटा ओतली, निवाली, साच्यातून निघाली. अंगावर एकही छिद्र नव्हते. व्यापाऱ्याने स्वतः टोल दिला, आणि तो नाद इतका वेळ घुमत राहिला की शिष्य मटकन खाली बसला आणि रडू लागला.

व्यापारी हरखून म्हणाला, "उद्याच दोन गाड्या धातू धाडतो!"

शिष्य डोळे पुसत घाईघाईने उठला. "शेटजी, एकच धाडा. आणि तीही मी निरोप देईन तेव्हा."