दुरुस्त केलेला शब्द

एका वृद्ध अभियंत्याकडे केतकी नावाची शिष्या यंत्रांची विद्या शिकायला येत असे. गाव त्यांना भालेराव सर म्हणायचे. कारखान्यातली मोजमापाची उपकरणे सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती, आणि बोलायचे म्हटले की त्यांच्या जिवावर यायचे.

केतकीने त्यांच्या देखरेखीखाली एक पेटी बनवली होती. रेशमाच्या अळ्यांच्या शेडमधले तापमान पेटीने मोजायचे आणि ऊब कमी पडली तर दिवा लावायचा, एवढेच तिचे काम. पण पेटीतली चिप जुनी, स्मरणशक्ती तुटपुंजी. म्हणून केतकीने चार महिने खपून असेंब्लीत, म्हणजे चिपला 'हे उचल, ते तिथे ठेव' असे पायरीपायरीने सांगणाऱ्या भाषेत, फोर्थ नावाच्या दुसऱ्या भाषेचा दुभाषा प्रोग्राम लिहिला. फोर्थची रीत साधी. यंत्राला एक छोटा शब्द शिकवायचा, त्याच्या आधाराने मोठा, त्याच्या आधाराने आणखी मोठा. यंत्र ते सगळे एकाखाली एक आपल्या शब्दकोशात मांडून ठेवते. केतकीने आधी 'ऊब' हा शब्द शिकवला. तो तापमान सांगे. मग त्याच्या जोरावर एकतीस शब्द रचले.

चाचणी म्हणून ती पेटी घेऊन गावात रेशमाच्या अळ्या पाळणाऱ्या मुक्ताबाईंच्या शेडमध्ये गेली. पेटीने बावीस अंश दाखवले. "काकू, गारठा आहे. शेगडी लावा," असे सांगून केतकी पेटीसह ऐटीत परतली. तीन दिवसांनी घरी भिंतीवरच्या साध्या तापमापकाशी ताडून पाहते, तर पेटी तीन अंश कमी दाखवत होती. म्हणजे मुक्ताबाईंच्या दोनशे अंडीपुंजांतून निघालेल्या हजारो अळ्या विनाकारण शेकल्या जात होत्या. पण चूक कबूल केली तर पेटीवर कोण विश्वास ठेवणार, या धास्तीने तिने मुक्ताबाईंना फोन काही केला नाही. गुपचूप 'ऊब' नव्याने लिहिला आणि पेटीला तापमान विचारून पाहिले. उत्तर अचूक आले. आता सुधारलेली पेटी नेऊन बसवली की कुणाला काही कळायचे नाही, असा तिने हिशेब केला.

"सर, एका शब्दात चूक होती, दुरुस्त केली," दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली. मुक्ताबाईंचे नाव तिने काढले नाही.

सरांनी 'ऊब' टाइप केले. सव्वीस. तापमापकातही सव्वीस. मग त्यांनी 'राखण' हा एकतीस शब्दांतला अखेरचा, सगळे काम चालवणारा शब्द दिला. पंचविसाच्या वर दिवा लागायचे कारण नव्हते, तरी दिवा लागला.

सरांनी चष्मा पुसला आणि टाइप केले, 'विसर ऊब'. ही आज्ञा तो शब्द आणि त्याच्यानंतरचे सगळे कोशातून पुसते. नवा शब्द शेवटचाच होता, तो एकटा पुसला गेला. त्यांनी पुन्हा तेच टाइप केले. आता जुना 'ऊब' गेला, आणि त्याच्यानंतर लिहिलेले एकतीसच्या एकतीस शब्दही गेले.

"सर, हे काय केलंत?" केतकीचे डोळे भरून आले. "चूक एकाच शब्दात होती. बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?"

"काहीच नाही. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच." सर शांतपणे म्हणाले. "तू नवा शब्द लिहिलास, तो कोशाच्या शेवटी जाऊन बसला. पण बाकीच्यांना शिकवताना तू जुन्या 'ऊब'चा पत्ता दिला होतास. ते आजही तिथेच जातात. मागाहून काय बदललं, हे विचारायला ते परत येत नाहीत. दुभाषा तूच तसा लिहिलायस, आणि ते योग्यच आहे. जो तो दर वेळी विचारत बसला तर काम कधी व्हायचं? म्हणून आपण सुधारलो एवढ्यानं भागत नाही. आपल्या जुन्या बोलण्यावर जे जे उभं राहिलं, त्या प्रत्येकाकडे आपल्यालाच जावं लागतं."

सगळे शब्द केतकीच्या वहीत लिहिलेले होते. पुन्हा शिकवायला दुपारपर्यंतचा वेळ पुरला असता. तिने वही उघडली, मिटली आणि फोन उचलला.

"काकू, शेगडी विझवा. त्या दिवशी मी सांगितलेलं तापमान चुकीचं होतं. आणि हे मला कालपासून ठाऊक आहे."

"तरीच," मुक्ताबाई म्हणाल्या, "परवापासून अळ्या पाल्याला तोंड लावेनात. जीव टांगणीला लागला होता माझा. कालच सांगायचंस की गं पोरी." मग त्या म्हणाल्या, "आता विझवते. पण तुझ्या भरवशावर मी वरच्या आळीतल्या दोघींनाही शेगड्या लावायला सांगितलंय."

"त्यांचे नंबर द्या, काकू," केतकी म्हणाली. "मीच सांगते त्यांना."