तारीख वाढवलेलं दूध

डेअरीतल्या कामगारांचा करार संपला होता, पण नवी बोलणी करायची मॅनेजर सबनीससाहेबांची मुळीच इच्छा नव्हती. त्यांनी युनियनच्या भरसभेत येऊन सुनावलं, "जुना करार उत्तम आहे. आतलं काही बदलायचं नाही, फक्त तारीख दोन वर्षं पुढे करायची. मुकाट्याने हात वर करा, नाहीतर उद्यापासून गेट बंद!"

गेटचं नाव निघताच बिचकून काही हात वर गेले.

तेवढ्यात पॅकिंगमधल्या वेणूताई खराडे उठल्या. पिशव्यांवर तारखेचा छाप मारायचं काम त्यांचंच. "हात करतो की वर, साहेब! आधी चहा तर घ्या," असं म्हणत त्यांनी साहेबांच्या कोऱ्या चहात पिशवीतलं दूध ओतलं. चहा बघता बघता नासला.

"नासकं दूध देता मला?" साहेब कडाडले.

वेणूताईंनी पिशवी त्यांच्या नाकासमोर धरली. "छाप वाचा, उद्याची तारीख आहे. दूध गेल्या आठवड्यातलंच, आतला थेंबही बदललेला नाही. मी फक्त तारीख पुढे केलीय. तुम्ही हा चहा प्या, मग आम्ही हात वर करतो."

साहेबांनी कप दूर सारला. तसे वर गेलेले सगळे हात खाली आले.