उपळेकर सरांचा वाचलेला वेळ

अनपेक्षित शेवटाच्या कथा शिकवताना उपळेकर सर कथा उघडण्याआधीच शेवट सांगून टाकत. "परीक्षेत तोच विचारतात. तुमचा वेळ वाचवतोय!" केवढे हे उपकार!

एकदा त्या रात्रीच्या रहस्यनाटकाचं तिकीट मिरवत ते वर्गात आले. शर्वरीला राहवेना. "सर, मी कालच पाहिलं. खून डॉक्टरनं केलाय. तुमचा वेळ वाचला!"

सरांचं तोंड एवढंसं झालं. तरी नाटकाला गेले, आणि दुसऱ्या दिवशी तणतणतच आले.

"खोटं बोललीस! डॉक्टर निर्दोष होता. खून वकिलाच्या आईनं केला. मी तर चाटच पडलो!"

"अभिनंदन, सर! अनपेक्षित शेवट म्हणजे काय, ते या वर्गात एकाला तरी कळलं. बाकीच्यांना मात्र तुम्ही आजही आधीच सांगून टाकलंत!"