गुरुनाथकाकांचे हात

एका तालुक्याच्या गावी एक दूध डेअरी होती. तिथला संगणक आलेल्या दुधाचं वजन आणि फॅट नोंदवून घ्यायचा. त्याचा प्रोग्रॅम गुरुनाथकाकांनी तीस वर्षांपूर्वी लिहिला होता, तोही अशा भाषेत, की पंचक्रोशीत ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. काकांना याचा थोडा तोराही होता, हे कबूल करायला हवं.

पुढे काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन आणखी लांबवलंत, तर नजर जाईल." पण काका दर वेळी एकच विचारायचे, "माझ्यामागे डेअरी कोण बघणार?"

डेअरीच्या अध्यक्ष इंदुताईंनी जाहिरात दिली, ‘ही भाषा येणारा माणूस पाहिजे.’ सहा महिने चिटपाखरूही फिरकलं नाही. मग त्यांनी दुसऱ्या भाषांत काम केलेली दोन हुशार मुलं घेतली. पण त्यांतला कुणी जरा अडखळला, की काका "सरक जरा" म्हणत कीबोर्ड ओढून घेत आणि चुटकीसरशी काम उरकत. मुलं नुसती बघत बसत. दोघंही कंटाळून निघून गेली. काका म्हणाले, "हल्लीच्या मुलांना शिकायलाच नको!"

शेवटी इंदुताईंनी डेअरीतच फॅट तपासणाऱ्या रेश्माला ती भाषा शिकायला काकांच्या हाताखाली बसवलं.

एका सकाळी संगणक अडला. नोंद होईना, म्हणून दारात दुधाच्या कॅनची रांग लागली. ऊन चढलं तर दूध नासणार होतं. रेश्मा घाबरली. चूक कुठे असेल, ते काकांना बसल्या जागी उमगलं. "सरक जरा," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"काका, हे आज तुम्ही केलंत, की तुमचं ऑपरेशन पुन्हा राहिलं," शेजारी उभ्या असलेल्या इंदुताई म्हणाल्या.

काकांचा हात तिथेच थांबला. ती दोन मुलं का गेली, ते त्यांना आत्ता कळलं आणि फार वाईट वाटलं. त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. रेश्मा एकदा चुकली, दोनदा चुकली. बाहेर लोक ओरडू लागले. काकांना घाम फुटला, पण हात काखेतच राहिले. तिसऱ्या खेपेला संगणक सुरू झाला.

काकांचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने ते डेअरीत आले, तेव्हा रेश्मा एका नव्या मुलीला शिकवत होती. मुलगी अडखळली. रेश्माचा हात कीबोर्डकडे गेला, मध्येच थांबला, आणि तिने दोन्ही हात काखेत घातले. काकांना ते दारातूनच स्वच्छ दिसलं.

तात्पर्य: दुर्मीळ विद्येचा जाणकार शोधून मिळत नाही, तो घडवावा लागतो, आणि शिकवणाऱ्याने आपला हात आवरला, तरच शिकणाऱ्याचा हात चालू लागतो.