फळ्यावरून पुसलेला प्रश्न

एका गावात गणिताचे एक सर होते. गोष्ट कोणत्या वर्षाची, हे आता त्यांनाही नक्की सांगता येत नाही. उन्हाळा लागला होता असे त्यांना आठवते. भूगोलाच्या तांबोळी मॅडम म्हणतात, छे, चांगली थंडी होती, तुम्ही स्वेटर घालून घाम पुसत होता. सरांचा आपल्या आठवणीवर आता फारसा भरवसा राहिलेला नाही. फळ्यावरची ती ओळ मात्र त्यांना जशीच्या तशी आठवते.

सरांचे नाव वासुदेव एकबोटे. ते गणितात एम.एस्सी. होते, तेही विद्यापीठात दुसरे आलेले. गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्यांच्याइतका शिकलेला दुसरा माणूस नव्हता. रस्त्याने जाताना लोक मोटारसायकल हळू करून त्यांना नमस्कार करीत. त्यांच्या विषयाचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागे आणि दर वर्षी सरपंच त्यांना शाल देत. घरात इतक्या शाली साठल्या होत्या की पाहुण्यांना पांघरायला त्याच मिळत.

शंभर टक्के निकाल लागण्याची रीत साधी होती. जो विद्यार्थी कच्चा वाटेल, त्याला सर अकरावीतच बाजूला घेत आणि मायेने सांगत, "बाळ, बारावीला गणित सोड. भूगोल घे. मार्क वाढतील." मुले ऐकत. आईवडील आभार मानत. यात आपण कुणाचे वाईट करतो, असे सरांच्या मनात कधी आले नव्हते.

सरांची आणखी एक सवय होती. फळ्यावर सगळी मांडणी करून झाली की ते हातात डस्टर घेत, वर्गाकडे वळत आणि विचारीत, "कळलं ना?" वर्ग एका सुरात म्हणे, "हो सर." तो सूर विरायच्या आत फळा अर्धा पुसून झालेला असे.

त्या वर्षी अकरावीत उत्कर्षा फुलसुंदर नावाची मुलगी होती. तिच्या वडिलांचे, रंगनाथ फुलसुंदरांचे, एसटी स्टँडजवळ पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचे दुकान होते. तांब्याच्या तारेत खेळतच ती मोठी झाली होती. तिला विजेची इंजिनिअर व्हायचे होते, आणि हे ती कुणी न विचारताही सांगत असे.

एके दिवशी सरांनी नवा धडा शिकवला. बदलाचा वेग कसा काढायचा, याचा. त्यात 'एच' नावाची एक अगदी लहान संख्या घ्यायची, तिने भागायचे आणि पुढे तिला शून्याकडे न्यायचे. मांडणी संपली. सरांनी डस्टर उचलले.

"सर, पुसू नका," उत्कर्षा उभी राहून म्हणाली.

"का? काय झालं?"

"वरच्या ओळीत तुम्ही एचनं भागलंत. शून्यानं भागता येत नाही. म्हणजे एच शून्य नाही. बरोबर ना सर?"

"बरोबर."

"आणि खालच्या ओळीत एच शून्य म्हणून काढून टाकलात. वर तो आहे, खाली तो नाही. असं कसं चालतं?"

सरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. ते स्वतः कॉलेजात असताना त्यांच्याही मनात तो आला होता. तेव्हा त्यांनी तो कुणाला विचारला नाही, कारण शेजारचे सगळे माना डोलावत होते. त्यांनी ती मांडणी पाठ केली. पाठ करून ते विद्यापीठात दुसरे आले. पुढे या मांडणीमागची जी व्याख्या शिकले तीही त्यांना तोंडपाठ होती, मागाल तेव्हा त्यांनी ती घडाघडा म्हणून दाखवली असती. पण ती व्याख्या म्हणजेच या प्रश्नाचे उत्तर आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. दर वर्षी त्या ओळीपाशी आले की त्यांचा आवाज आपोआप थोडा चढे आणि हात डस्टरकडे जाई.

"फुलसुंदर," सर म्हणाले, "जिथं सगळ्यांना उत्तर दिसतं, तिथं तुला शून्य दिसतं. मोटारी गुंडाळता गुंडाळता डोक्यालाही वेढे पडले की काय?"

वर्ग खो खो हसला. सरांनी फळा पुसला.

त्यानंतर उत्कर्षाने वर्गात तोंड उघडले नाही. आठवडाभराने ती वडिलांना घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. रंगनाथांनी आधी पँटला हात पुसले, मग नमस्कार केला.

"सर, ही म्हणते गणित सोडते. भूगोल घेते. आता नवीन नियम आलाय म्हणे, गणित नसलं तरी काही ठिकाणी इंजिनिअरिंगला घेतात. फक्त तुमची सही लागते."

सरांनी खिशातले पेन चाचपले.

"आमच्या घरात आकडेमोड काय ती बिलापुरती," रंगनाथ कसनुसे हसत म्हणाले. "तिला हे वरचं गणित कुठून येणार? तुम्ही सांगाल ते बरोबर. हिला झेपणार नाही का, सर?"

प्रश्न सरळ होता. सरांना माहीत होते की प्रवेश कदाचित मिळेलही. पण पहिल्याच वर्षी तेच गणित तिच्यासमोर येऊन उभे राहील, आणि तोवर ती बाकीच्यांच्या एक वर्ष मागे पडलेली असेल. हेही माहीत होते की ती सही मागायला का आली आहे. आणि तिने गणित सोडले तर तो प्रश्न पुन्हा कुणी विचारणार नाही, हेही त्यांच्या मनात येऊन गेले. तेवढ्यानेच त्यांना हायसे वाटले. पुढे कित्येक वर्षे त्यांना लाज वाटत राहिली ती त्या हायसे वाटण्याची.

"भूगोल बरा," सर म्हणाले. "मॅडमना विचारून सही करतो."

जाताना उत्कर्षा दारात थांबली. "सॉरी सर," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्यामुळं वर्गाचा वेळ गेला."

मधल्या सुट्टीत सर तांबोळी मॅडमकडे गेले. मॅडम डबा खात होत्या.

"तुमच्याकडे आणखी एक मुलगी पाठवतोय," सर म्हणाले. "गणितात जरा कच्ची आहे."

"पाठवा की. तुमचे कच्चे मला फार आवडतात." मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला. "खरं सांगू? तुमच्याकडून आलेली मुलं सोडली तर माझ्या तासाला कुणी तोंड उघडत नाही. मागच्या वर्षी तुम्ही तो भोईटे पाठवलात. पहिल्याच दिवशी विचारतो, मॅडम, पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, मग त्यातलं अंतर खरं कसं? मला घरी जाऊन वाचावं लागलं."

"मग काय सांगितलंत त्याला?"

"सांगितलं, कालपर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं. त्यात काय?" मॅडमनी डब्याचे झाकण लावले. "पण मला एक सांगा सर, तुमच्याकडे कच्चं ठरायला करावं काय लागतं? प्रश्न विचारला की झालं?"

त्या थट्टेने म्हणाल्या आणि डबा धुवायला निघून गेल्या. सर तिथेच बसून राहिले. आजवर भूगोलाकडे पाठवलेली मुले ते एकेक करून आठवू लागले. त्यातली काही खरोखरच कच्ची होती, हे खोटे नव्हे. पण बाकीची? त्यांतले प्रत्येक मूल कधी ना कधी, डस्टर फळ्याला लागायच्या आधी, जागेवरून उठले होते.

संध्याकाळी सर रंगनाथांच्या दुकानात गेले. बाकावर एक गिऱ्हाईक बसले होते. आत उत्कर्षा एका मोटारीत तार भरत होती.

"बसा सर, चहा सांगतो," रंगनाथ म्हणाले.

"चहा नको. सही करायला आलो नाही. मी भूगोल बरा म्हणालो, ते खरं बोललो नाही. तिनं विचारलं त्याचं उत्तर मला येत नाही."

रंगनाथांनी गिऱ्हाइकाकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "सर, माणसं बसलीत. असं बोलू नका. तुम्ही एम.एस्सी. आहात."

"मास्तरला येईना म्हणजे मग येतं तरी कुणाला?" गिऱ्हाईक म्हणाले.

उत्कर्षाने तार खाली ठेवली. "मग मला हसलात का, सर?"

"भीती वाटली."

"मला वाटलं माझ्याच डोक्यात काहीतरी कमी आहे. ती ओळ मी घरी पुन्हा पुन्हा लिहून बघितली."

"तुझ्या डोक्यात काही कमी नाही."

"हे दुकानात सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "हसला तो वर्ग."

"उत्कर्षा, नीट बोल," रंगनाथांनी दटावले.

"नीटच बोलतेय ती," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना वाटले, बरे नाही असा निरोप धाडावा. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. ते वर्गात गेले आणि त्यांनी फळ्यावर तीच मांडणी पुन्हा लिहिली. सवयीने हात डस्टरकडे गेला. त्यांनी ते उचलले आणि टेबलावर परत ठेवले.

"फुलसुंदरनं या ओळीबद्दल एक प्रश्न विचारला होता," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटेना. "मी तिची चेष्टा केली. कारण मला त्याचं उत्तर येत नव्हतं. आजही येत नाही. इतकी वर्षं मी ही ओळ न कळताच शिकवली आहे."

 पहिल्या बाकावर नेहमी पहिला येणारा मुलगा बसत असे. त्याने हात वर केला.

"सर, हे परीक्षेला आहे का?"

"नाही."

त्याने वही मिटली. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसले, मग आणखी दोघेतिघे. या वेळी ते सरांना हसत होते. आपण आजवर मुलांवर वर्गाला किती सहज हसवले, आणि ते हसू नेमके कुठे जाऊन लागते, हे सरांना तेव्हा कळले. त्यांना वर्गातून निघून जावेसे वाटले. ते खडू धरून उभे राहिले.

तेवढ्यात खिडकीजवळून एक मुलगी म्हणाली, "सर, मला तर त्याच्या आधीची ओळपण कळली नाही."

उत्कर्षाने मान वर केली.

त्या ओळीचा उलगडा व्हायला बरेच दिवस लागले. सरांनी आपली जुनी पुस्तके काढली आणि ती पाठ करण्यासाठी नव्हे तर कळण्यासाठी पहिल्यांदाच वाचली. कॉलेज सुटल्यावर ते आणि उत्कर्षा फळ्याशी उभे राहत. शेवटी त्यांना समजले ते असे: एच शून्य कधी होतच नाही. तो शून्याच्या हवा तितका जवळ जातो, आणि तसे होताना उत्तर कशाच्या जवळ जाते, एवढेच आपण विचारायचे. हे सरांनी तिला समजावले की तिने सरांना, ते दोघांनाही सांगता आले नसते.

"आता तू ठरव," सर तिला म्हणाले. "ठेव असं मी म्हणणार नाही, सोड असंही नाही. इंजिनिअरिंगला गेलीस तर पहिल्याच वर्षी हे पुन्हा भेटणार, एवढं मात्र तुला माहीत असू दे."

"मग आत्ताच ओळख झालेली बरी," उत्कर्षा म्हणाली. तिने गणित ठेवले.

त्या वर्षी सरांनी कुणालाही भूगोलाकडे पाठवले नाही. त्या तुकडीचा बारावीचा निकाल शंभर टक्के लागला नाही. सरपंचांनी शाल दिली नाही. तांबोळी मॅडम मात्र म्हणाल्या, "माझा वर्ग पुन्हा मुका करून टाकलात."

उत्कर्षा इंजिनिअरिंगसाठी शहरात गेली. वर्षभराने एसटी स्टँडवर बातमी आली की फुलसुंदरची मुलगी पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाली.  कोणता विषय, ते कुणी सांगितले नाही आणि सरांनी विचारले नाही. त्यांनी बाजारात जायचा रस्ता बदलला, म्हणजे ते दुकान वाटेत लागायला नको. आपल्यामुळेच तिने गणित ठेवले, ती आधी म्हणत होती तेच बरोबर होते, आपण आपले मन हलके करायला तिचे नुकसान केले, असे त्यांना वाटत राहिले. ते निवृत्त झाले, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, तरी ते वाटणे गेले नाही. पुढे ती नोकरीला लागली असेही त्यांनी ऐकले. तेव्हाही त्यांनी काही विचारले नाही.

अखेर एकदा त्यांच्या घरची पाण्याची मोटार जळाली आणि दुकानात जावेच लागले. रंगनाथ आता म्हातारे झाले होते. मोटार उघडून झाली, चहा आला, तो निम्मा संपला, तेव्हा कुठे सरांनी जीव एकवटून विचारले, "पहिल्या वर्षी उत्कर्षा कशात राहिली होती हो?"

"ती? ड्रॉइंगमध्ये," रंगनाथ म्हणाले. "रेघाच सरळ येईनात तिच्या."

"आणि गणितात?"

"गणितात पहिल्याच फेरीला पास झाली, सर. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

तात्पर्य: प्रश्न विचारणाऱ्याला कच्चा ठरवून आपले अज्ञान झाकू नये, आणि उत्तराच्या भीतीने प्रश्न मनात दडवू नये, न विचारलेल्या एका प्रश्नापायी माणूस उगाच वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतो.