तराजूत सारखे दोघे

फार मागे, राजे लोक तराजू लावून न्याय करत, तेव्हाची ही गोष्ट आहे.

एका नदीला खोल डोह होता. डोहाच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. मासे एकाच डोहातले आणि जाळी दोन गावांची, त्यामुळे भांडणं फार व्हायची. शेवटी राजाने नेम घालून दिला. वर्षातून एकदा दोन्ही गावांनी आपापला एक ठोसेबाज पाठवायचा. दोघांना मोठ्या तराजूच्या दोन पारड्यांत बसवायचं. काटा मधोमध राहिला तरच झुंज लावायची. जो आधी गुडघा टेकेल, त्याच्या गावाने वर्षभर डोहात जाळं टाकायचं नाही.

अलीकडच्या गावाची जाळी खुंटीला टांगलेली राहून वाळून गेली होती. कारण पलीकडे येसाजी होता. ताडासारखा उंच, अंगाने सडसडीत. समोरच्याची मूठ पोचायच्या आत याची मूठ त्याच्या नाकावर बसायची.

यंदा अलीकडच्या गावाने सुभानाला उभं करायचं ठरवलं. सुभाना बुटका. मान आखूड, छाती रांजणासारखी. येसाजीच्या खांद्याला जेमतेम त्याचं डोकं लागायचं. पण पारड्यांत बसवलं की दोघे सारखे भरायचे. एकाचं वजन उंचीत गेलं होतं, दुसऱ्याचं रुंदीत.

जो जिंकतो त्याच्यासारखं लढावं, असं सुभानाने मनाशी धरलं. तो येसाजीसारखा लांब उभा राहून हात फेकायला शिकू लागला. उंची वाढावी म्हणून रोज सकाळी झाडाच्या फांदीला लोंबकळायचा. सरावात मात्र गावातले उंच गडी त्याला बडवून काढत.

एके दिवशी तो सुजलेलं नाक घेऊन घरी आला. त्याची बायको ठकू फाटलेलं जाळं सांधत बसली होती.

"वाढलात का हो काही?" तिने विचारलं.

"हात जरा लांब झाल्यासारखे वाटतात."

"मग फळीवरची ती दोरी द्या काढून."

सुभानाने टाचा उचलल्या. बोटं ताणली. दोरी हाताला लागली नाही.

"राजाचा न्यायच खोटा," तो म्हणाला. "वजन तोलतो, उंची कुठे मोजतो?"

"ते राजाला सांगा. तोवर डोहावर जाऊन नाकाला पाणी लावा."

सुभाना डोहावर गेला. काठाशी उथळ पाण्यात बगळा उभा होता. थोड्या वेळाने पाण्यातून पाणमांजराचा एक जाडजूड बोका वर आला आणि तोंडातला मासा दगडावर ठेवून खाऊ लागला.

सुभानाने त्याला विचारलं, "बाबा, तुला त्या बगळ्यासारखी मान हवीशी वाटत नाही का?"

"एवढी मान घेऊन बिळात झोपू कसा?" बोका म्हणाला. "त्याची मान लांब, म्हणून तो मासा जवळ यायची वाट बघतो. मी आखूड, म्हणून मी माशाच्या घरी जातो."

"जाताना त्रास होत नाही?"

"होतो की. नाकातोंडात पाणी जातं. ते सोसवत नसेल तर काठावर बसावं आणि उपाशी राहावं."

दुसऱ्या दिवसापासून सुभानाने फांदी सोडली. गुडघ्यांत वाकायचं, हनुवटी छातीशी घ्यायची, मुठी कपाळाशी धरायच्या आणि समोरच्याच्या हाताखालून आत शिरायचं, एवढंच तो घोटत राहिला.

झुंजीचा दिवस आला. काटा मधोमध राहिला. दोघे मातीत उतरले.

"सुभानभाऊ, उभे आहात की बसलात?" येसाजीने विचारलं. लोक हसले.

"जवळ येऊन सांगतो," सुभाना म्हणाला.

पहिलाच ठोसा त्याच्या भुवईवर बसला. दुसऱ्याने भुवई फुटून रक्त डोळ्यात ओघळलं. पाय आपोआप मागे सरू लागले. तेवढ्यात त्याला बोक्याच्या नाकातोंडातलं पाणी आठवलं. तिसरा ठोसा त्याने मुठींवर घेतला आणि तो आत गेला.

आता त्याचं डोकं येसाजीच्या छातीला लागलं होतं. लांब हाताला वळायला जागाच उरली नाही. येसाजीच्या मुठी नुसत्या पाठीवर थपथपत राहिल्या. सुभानाच्या आखूड हातांना मात्र तेवढी जागाही पुरत होती. बरगडीवर, पोटात, पुन्हा बरगडीवर. येसाजी मागे सरला की सुभाना त्याच्याबरोबर सरे. सरता सरता येसाजीचा श्वास तुटला आणि गुडघा मातीला लागला.

सुभानाने हात देऊन त्याला उठवलं.

"पुढच्या वर्षी एवढं जवळ येऊ देणार नाही, भाऊ," येसाजी धापा टाकत म्हणाला.

"नका येऊ देऊ. मला मात्र यावंच लागेल."

त्या संध्याकाळी अलीकडच्या गावाची जाळी पुन्हा भिजली. सुभानाचा एक डोळा सुजून मिटला होता. जाळ्यात आलेला पहिला मासा त्याने काठावरच्या त्याच दगडावर बोक्यासाठी ठेवला. फळीवरची दोरी ठकूने पाटावर उभं राहून स्वतःच काढून घेतली होती.

तात्पर्य : तराजू दोघांचा भार सारखा आहे एवढंच सांगतो, पण लढायचं कसं, हे ज्याने त्याने आपल्याच अंगाला विचारावं.